ड्वार्फ ससा, ड्वार्फ हॅमस्टर आणि नागपूरचं एक पेट शॉप : ५ पैकी अडीच स्टार

अडीच स्टार देऊन राहिलो, त्यातले दीड दुकानात काम करणाऱ्या पोराचे आणि एक मालकाचा, तोही मागच्या खोलीतला एसी दिवसभर चालू ठेवतो म्हणून. दुकानाचं नाव लिहीत नाही. मला कोणाचं दुकान बंद पाडायचं नाहीये, जे लोक ड्वार्फ ससा किंवा ड्वार्फ हॅमस्टर घ्यायला निघालेत त्यांना आत गेल्यावर काय बघायचं, काय विचारायचं आणि कुठली वस्तू प्रेमाने हातात दिली तरी काउंटरवरच ठेवून यायची एवढं कळलं तरी बस.

तर झालं असं की ताईच्या मुलीला ससा पाहिजे होता. जिजाजी नको म्हणत होते, टू बीएचके फ्लॅट, घरभर लेंड्या कोण उचलेल वगैरे, मग भाचीने त्यांना ते रील दाखवलं ज्यात चहाच्या कपात ससा बसलेला असतो आणि खाली लिहिलेलं असतं की हा एवढाच राहतो. जिजाजी विरघळले. मला सोबत नेलं कारण माझ्याकडे बंड्या आहे, साधा पांढरा ससा, पावणेतीन किलोचा, त्याला कोणी ड्वार्फ म्हणून विकलेलं नाही आणि तोही कधी तसा दावा करत नाही. (कपात बसतो तो ससा दोन-तीन आठवड्यांचा असतो. त्या वयात कुठलाही ससा कपात बसतो.)

आधी चांगलं सांगतो. दुकान स्वच्छ आहे. पुढे माशांचे टँक, लव्हबर्ड्स, कुत्र्यांचं सामान, आणि मागे काचेचं पार्टिशन टाकून ससे, गिनीपिग, हॅमस्टर. आत गेल्यावर मुताचा जो डोळ्यात जाणारा वास अशा जागी येतो तो जवळपास नव्हता. पाण्याच्या बाटल्या भरलेल्या होत्या, आणि नुसत्या भरलेल्या नाही, मी दोन-तीन बाटल्यांच्या नळीच्या टोकाची गोळी बोटाने दाबून पाहिली तर पाणी येत होतं, हे तुम्हीही कुठेही गेलात तर करून बघा कारण बाटली भरलेली दिसते पण गोळी अडकलेली असते आणि जनावर तहानलेलं बसून राहतं. एसी २४ वर. नागपूरसाठी हे छोटं कौतुक नाही.

आता ससा. पिंजऱ्यावर पाटी होती, "नेदरलँड ड्वार्फ ओरिजिनल", आणि किंमत २५०० रुपये एक. बाजूच्या पिंजऱ्यात साधे पांढरे, ८०० ला जोडी. मालक भाचीच्या हातात पिल्लू देत म्हणे, "बेटा हा कधीच मोठा नाही होत, फुल साइज आहे हा." पिल्लू गोड होतं यात वादच नाही, करड्या रंगाचं, डोळे टपोरे. पण मी त्याचे मागचे पाय बघून राहिलो होतो. ससा किती मोठा होणार हे पिल्लाच्या मागच्या पंजावरून आणि कानावरून बऱ्यापैकी कळतं, आणि या साहेबांचे पंजे अंगाच्या मानाने चांगले लांबलचक होते, कान सरळ केला तर माझ्या तर्जनीच्या दोन पेरांच्या वर जात होता. आणि तोंड निमुळतं.

खरा नेदरलँड ड्वार्फ पूर्ण वाढ झाल्यावर किलोभर असतो, जास्तीत जास्त १.१३ किलो, म्हणजे अडीच पौंड, अमेरिकेतल्या ब्रीडर लोकांच्या एआरबीए या संस्थेचं तसं स्टँडर्डच आहे, त्यांनी ही जात १९६९ मध्ये मान्य केली. कान साधारण दोन इंच, अडीचच्या वर गेला की शोमधून बाहेर. डोकं गोल, गाल भरलेले, नाक आत दाबल्यासारखं, मान दिसतच नाही. नावाप्रमाणे जात नेदरलँड्समधली, पोलिश म्हणतात त्या छोट्या पांढऱ्या सशांचा रानटी सशांशी संकर करत करत तयार केलेली. हॉलंड लॉप, तो कान खाली पडलेला, तोही ड्वार्फमध्येच मोडतो पण त्याची मर्यादा १.८ किलोपर्यंत. म्हणजे ड्वार्फ म्हणजे मुठीत मावणारा ससा असं कुठेच नाहीये, एक किलोचा ससा हा मांजरीच्या चांगल्या मोठ्या पिल्लाएवढा असतोच.

बरं यात अजून एक गंमत आहे जी दुकानवाल्यांना बहुतेक माहीतच नसते. हा बुटकेपणा एका जीनमुळे येतो, आणि तो जीन आईकडून एक आणि बापाकडून एक असा दोन्हीकडून आला तर पिल्लू जगत नाही, जन्मतःच इवलंसं असतं, मोठं डोकं, चिमुकले कान, ब्रीडर त्याला पीनट म्हणतात, दोन-चार दिवसात जातं. दोन खऱ्या ड्वार्फची जोडी लावली तर हिशेबाने चौथा हिस्सा पिल्लं अशी मरणारी, अर्धी खरी ड्वार्फ, आणि उरलेल्या चौथ्या हिस्स्यात तो जीनच नसतो, ती आईबापापेक्षा मोठी होतात. म्हणजे एकदम प्रामाणिक माणसाकडे, आईबाप दोन्ही अस्सल असले तरी, एका वेतातली काही पिल्लं मोठी होणारच. म्हणून "गॅरंटी भाऊ, मोठा होणार नाही" हे वाक्य कोणी बोललं की मला तिथेच शंका येते, ज्याला खरंच माहीत आहे तो अशी गॅरंटी देत नाही, तो आईबाप दाखवतो आणि पिल्लू आठ-दहा आठवड्यांचं होईपर्यंत थांबा म्हणतो.

मी विचारलं, याची आई दाखवा. मालक म्हणे आई फार्मवर आहे. बाप? तोही फार्मवर. फोटो? फोटो पाठवतो व्हॉट्सअॅपवर. (अजून आला नाही.) वय किती? "दोन महिने." दोन महिन्यांचं पिल्लू असं नसतं हो, हे जेमतेम चार-साडेचार आठवड्यांचं होतं. सशाचं पिल्लू आठ आठवडे आईजवळ राहायला पाहिजे, आधी तोडलं की पोट बिघडतं, जुलाब लागतात आणि त्या वयात जुलाब म्हणजे एका रात्रीत खेळ खलास. लोक म्हणतात ससे नाजूक असतात, आणला आणि आठवड्यात मेला, त्यातले किती तरी असेच वेळेआधी दूध तुटलेले असतात. आणि लहान असतानाच विकायची घाई का, तर लहान आहे तोवरच तो ड्वार्फ दिसतो.

मालक फोन घ्यायला बाहेर गेले तेव्हा तो पोरगा, वीस-बावीसचा असेल, हळूच म्हणे, "भाऊ, याची आई तीनेक किलोची आहे. मीच जातो ना आणायला." तिथेच त्याचा पहिला स्टार फिक्स झाला.

अजून एक टिपिकल आग्रह, "जोडीच न्या, एकटा मरतो." आता यात अर्धं खरं आहे म्हणून फसायला होतं. ससा खरंच कळपातला प्राणी, एकट्याला करमत नाही. पण नर-मादी जोडी न्यायची तर नसबंदी करूनच, नाहीतर गरोदरपण ३१ दिवसांचं, आणि पिल्लं दिल्याच्या दिवशी मादी परत गाभण राहू शकते, मग तुम्हीच पेट शॉपला सप्लाय करायला लागाल. त्या वयात नर-मादी ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही, मालकांनी शेपूट वर करून अर्ध्या सेकंदात "हा मेल, ही फिमेल" सांगून टाकलं. मादीची नसबंदी तर एकटी असली तरी करावीच, न केलेल्या माद्यांमध्ये वय वाढलं की गर्भाशयाचा कॅन्सर फार कॉमन आहे.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, ज्याच्यासाठी मी अर्धा स्टार कापला : अख्ख्या दुकानात वाळलं गवत नाही. रंगीबेरंगी पेलेट्स आहेत, मिनरलचा खडा आहे, लाकडाची खेळणी आहेत, सशासाठी गळ्यात बांधायचा पट्टासुद्धा आहे, गवत नाही. विचारलं तर "गाजर द्या ना, पोळी पण खातो." सशाच्या खाण्यात ८० टक्क्यांच्या वर गवत पाहिजे. त्याचे दात जन्मभर वाढतात, वर्षाला १०-१२ सेंटीमीटर, ते झिजवायला दिवसभर गवत चावणं लागतं, पेलेट चावून ते काम होत नाही. पोटाचंही तसंच, तंतू कमी पडले की आतडं थंडावतं, ससा खाणं बंद करतो, आणि दहा-बारा तास काही खाल्लं नाही तर ती इमर्जन्सी आहे, उद्या बघू म्हणायची नाही. ड्वार्फ जातींमध्ये तर तोंड आखूड केल्यामुळे दात वाकडे बसण्याचा त्रास जास्त, म्हणजे ज्याला गवताची सगळ्यात जास्त गरज तोच ससा गाजर-पोळीवर विकला जातो.

मी बंड्यासाठी टिमोथी नावाचं वाळलं गवत ऑनलाइन मागवतो, ते महाग पडतं, म्हणून अर्धं आपल्या हरळीवर भागवतो. तीच, गणपतीला वाहतात ती दूर्वा. फुलवाल्या मावशींना सांगून ठेवलं की मोठी पेंढी मिळते, धुवायची, गच्चीवर सावलीत वाळवायची, मस्त हिरवा वास राहतो. भाद्रपदात मात्र भाव असे चढतात की बंड्याला बाप्पाशी स्पर्धा करावी लागते. लसूणघास गाईला घालतात ती पिल्लांना चालते पण मोठ्या सशाला रोज नको, कॅल्शियम फार, मुताशयात खडे होतात. सांभार (म्हणजे कोथिंबीर) रोज थोडा चालतो, कोबी-फुलकोबीने काही सशांना गॅस होतो, गाजर म्हणजे मिठाई, आठवड्यातून एखादा तुकडा. पोळी, बिस्किट, टोस्ट अजिबात नाही, आजी कितीही म्हणाली तरी.

तर ससा घेतला नाही. भाचीचे डोळे भरले, जिजाजींचा जीव भांड्यात पडला, आणि मग आम्ही हॅमस्टरकडे वळलो.

इथे पण पाट्यांचा गोंधळ. एका पिंजऱ्यावर "टेडी बेअर", एकावर "ड्वार्फ", एकावर "रशियन". टेडी बेअर ही काही वेगळी जात नाही, सिरियन हॅमस्टरच, फक्त लांब केसांचा. सिरियन हा मोठा हॅमस्टर, पाच-सहा इंच, शंभर ते दीडशे ग्रॅम. आज जगभर लोक जे पाळतात ते बहुतेक सगळे १९३० मध्ये सीरियातल्या अलेप्पोजवळ जमिनीतून उकरून काढलेल्या एका मादी आणि तिच्या पिल्लांचे वंशज आहेत, म्हणून नाव सिरियन. ड्वार्फ हे सिरियनचं छोटं मॉडेल नाही, वेगळेच प्राणी आहेत ते : कॅम्पबेल, विंटर व्हाइट, आणि सगळ्यात चिमुकला रोबोरोव्हस्की, ज्याला सगळे रोबो म्हणतात. रोबो २०-२५ ग्रॅमचा असतो, म्हणजे पाच-सहा रुपये-नाण्यांचं वजन, डोळ्यांवर पांढऱ्या भुवया आणि पाठीवर पट्टा नाही. कॅम्पबेल आणि विंटर व्हाइटच्या पाठीवर मधोमध गडद रेघ असते, पायांच्या तळव्यावरही केस असतात, वजन ३० ते ५० ग्रॅम. दुकानात रशियन म्हणून जे मिळतं ते जवळजवळ नेहमी या दोघांची मिसळ असते.

"ड्वार्फ" पाटीच्या पिंजऱ्यात जे होते ते सिरियनची पिल्लं होती. सोनेरी, रेघ नाही, शेपटीचा ठुसका दिसतोय. घरी नेली असती तर दोन महिन्यात तिप्पट झाली असती आणि मालक म्हणाले असते तुमच्याकडे खायला चांगलं मिळतं. किंमत ६०० एक, तर टेडी बेअर ४००. म्हणजे तोच प्राणी, केस छोटे आणि वय कमी, म्हणून २०० जास्त. बाप्पा!

टेडी बेअरच्या पिंजऱ्यात चार मोठे एकत्र होते, एकाचा कान फाटलेला. सिरियन हॅमस्टर एकटाच ठेवायचा असतो, पाच-सहा आठवड्यांचा झाला की दुसऱ्याला सहन करत नाही, भाऊ-बहीण असले तरी, रक्त निघेपर्यंत मारामारी होते. हे मी मालकांना सांगितलं तर म्हणे खेळून राहिले ते. पोराने मात्र आम्ही असतानाच कान फाटलेला उचलून वेगळ्या डब्यात ठेवला.

"रशियन" पिंजऱ्यातून एक घेतला, ७०० रुपये. निवडताना काय पाहिलं ते सांगतो कारण भाचीला जो आवडला होता तो एका कोपऱ्यात शांत बसला होता आणि तिला वाटलं हा गरीब आहे. शांत हॅमस्टर दिवसा झोपलेला असतो ते वेगळं, पण जागा असून कोपऱ्यात फुगून बसलेला असेल तर तो आजारी आहे. पोराने हातावर घेऊन उलटा करून दाखवला, शेपटीखाली ओलं आहे का, डोळ्यात चिपडं आहे का, पुढचे दात दोन वर दोन खाली सरळ आहेत का. दात पिवळट असतात, ते नॉर्मल आहे, पांढरे नसतात. ज्याला घेतला तो तोवर पोराच्या बोटात काय आहे याची तपासणी करून मनगटापर्यंत चढला होता. लालसर तपकिरी रंग, पाठीवर काळी रेघ. भाचीने नाव ठेवलं तर्री.

आता किट, आणि इथे माझा मालकांशी थोडा आवाज चढला. १८०० रुपयांचं "हॅमस्टर कम्प्लीट किट" म्हणजे चौदा इंच बाय दहा इंचाचा गुलाबी तारेचा पिंजरा, त्यात प्लास्टिकचा मजला, एक चाक, एक घरटं, कापसाचा पुडा, वासाची पावडर आणि पारदर्शक बॉल. एकेक करून सांगतो.

पिंजऱ्याची जागा म्हणजे मिठाईच्या दोन डब्यांएवढी. ड्वार्फ हॅमस्टर रात्रभर पळतो, जर्मनीतले प्राणीडॉक्टर कमीत कमी एक मीटर बाय अर्धा मीटर सांगतात, आणि प्राणी छोटा म्हणून ड्वार्फला त्यात काही डिस्काउंट नाही. चाक चार-साडेचार इंचाचं, तारेच्या काड्यांचं, त्यात पळताना पाठ धनुष्यासारखी वाकते आणि पाय काड्यांत अडकून मोडतो, ड्वार्फला ७-८ इंचाचं, सपाट पट्टीचं चाक लागतं, सिरियनला ११. कापूस तर आधी कचऱ्यात टाका, त्याचे तंतू पायाला गुंडाळले की रक्त थांबतं आणि गालफडात भरून गिळले तर पोटात अडकतात, पाकिटावर हॅमस्टरचा हसरा फोटो आहे म्हणून तो सेफ होत नाही. पावडर फुफ्फुसात जाते, अंग घासायला बारीक वाळू पाहिजे, पावडर नाही. पाण्याने आंघोळ तर कधीच नाही. आणि त्या बॉलमध्ये त्याला ना वास कळत ना दिशा, भिंतीवर आपटत फिरतो आणि आपण व्हिडिओ काढतो.

पोरगा परत मदतीला. म्हणे, "ताई, मागे एक गळका फिश टँक पडला आहे, साडेतीन फूट बाय दीड. पाणी थोडीच भरायचं तुम्हाला." मालकांनी ५०० ला दिला, भंगारातच जाणार होता. हॅमस्टरला टँक गळतो की नाही याच्याशी काय देणंघेणं. वरती जाळीचं झाकण करून घेतलं, बंद काचेचं नको, हवा पाहिजे. आत आठ-नऊ इंच जाड थर, एका ओळखीच्या छापखान्यातून कोऱ्या कागदाच्या कटिंगच्या पट्ट्या पोतंभर फुकट मिळाल्या, त्यात बंड्याच्या वाट्याचं गवत मिसळलं म्हणजे बिळं ढासळत नाहीत. सुताराचा भुसा घेऊ नका, त्यात प्लायचा गोंद, पॉलिशची धूळ, सगळं येतं.

आता उन्हाळ्याचं, जे बाहेरच्या साइटवर वाचून कळत नाही कारण ते लिहिणारे नवतपा बघितलेले नसतात. हे सगळे ड्वार्फ मंगोलिया, सायबेरिया, कझाकस्तानकडचे थंड भागातले प्राणी, त्यातला विंटर व्हाइट तर मूळ गावी हिवाळ्यात पांढरा होतो. त्यांना २०-२४ डिग्री आवडतं, तिशीच्या वर त्रास सुरू, आणि आपल्याकडे मे महिन्यात ४५. सशाचंही असंच, त्याला घाम येत नाही, उष्णता कानातून टाकतो, आणि ड्वार्फचे कान तर छोटे. मालकांना विचारलं उन्हाळ्यात काय करायचं तर म्हणे कूलर लावा. मे मध्ये कोरड्या हवेत कूलर ठीक आहे, थेट झोत अंगावर नको एवढंच, पण पाऊस लागून हवा दमट झाली की कूलर नुसता ओलावा वाढवतो, थंड काही करत नाही, आणि तेव्हा कागदाच्या थराला बुरशी धरते. एसी असलेल्या खोलीत ठेवायचा, आणि लाइट गेली तर इन्व्हर्टरवर एसी चालत नाही हे आधीच धरून चालायचं.

पोराने सांगितलेली युक्ती आम्ही केली आणि चालून राहिली : बिनझिलईचं छोटं मातीचं मडकं, तोंड फुटकं असलं तरी चालेल, आडवं करून कागदाच्या थरात अर्धं पुरायचं, आणि दुपारी वरच्या उघड्या भागावर ओलं फडकं. आतून गार राहतं. बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून टँकच्या एका टोकाला ठेवायची, एकाच टोकाला, म्हणजे नको वाटलं तर तो लांब जाऊ शकतो. एक कडप्प्याचा तुकडा आत टाकलाय त्यावर तर्री पोट टेकून पसरतो. ससा किंवा हॅमस्टर गळून पडला, जोरजोरात श्वास घेतोय, तर बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, शॉकने जातो, सशाचे कान साध्या पाण्याने ओले करा आणि डॉक्टर गाठा.

डॉक्टरचा विषय निघालाच आहे तर, घेण्याआधी डॉक्टर शोधून ठेवा. कुत्र्या-मांजराचे बरेच आहेत, ससा-हॅमस्टर हाताळणारे मोजके. नागपूरला एक बरं आहे की सेमिनरी हिल्सला व्हेटर्नरी कॉलेज आहे, तिथे निदान विचारता येतं. डॉक्टर कोणीही असो, दोन गोष्टी स्वतः लक्षात ठेवा : सशाला तोंडातून अमॉक्सिसिलिन देत नाहीत, आतड्यातले चांगले जंतू मरून जुलाबाने जातो, आणि कुत्र्याच्या गोचिडाचं फिप्रोनिल सशाला विष आहे. आणि ऑपरेशनच्या आधी सशाला उपाशी ठेवायचं नसतं, त्याला उलटी होतच नाही. कोणी रात्रीपासून काही देऊ नका म्हणालं तर नम्रपणे पुन्हा विचारा, सर, ससा आहे हो हा.

तर्री आता मजेत आहे. रात्री साडेदहाला उठतो, आधी बिळाच्या तोंडाशी बसून मिशा साफ, मग पेरणी. पेरणी म्हणजे आम्ही दाणे वाटीत देत नाही, थरावर फेकतो, ज्वारी, बाजरी, राळं, थोडे जवस, आणि तो एकेक दाणा हातात धरून फिरवून बघतो, पसंत पडला की गालात. गाल पार खांद्याच्या मागे पोचेपर्यंत भरतात, मग डोकं शरीरापेक्षा रुंद झालेलं असतं आणि मडक्याच्या फुटक्या तोंडातून आत जाताना अडकतो, मागे येतो, दोन दाणे काढतो, परत जातो. दुकानातला मिक्स दाणा आम्ही बदलला कारण त्यात निम्मं सूर्यफूल आणि रंगीत बिस्किटं होती, या ड्वार्फमध्ये, खासकरून कॅम्पबेलच्या मिसळीत, डायबेटिस लवकर होतो, म्हणून फळं, गूळ, मध बंद. आठवड्यातून एकदोनदा उकडलेल्या अंड्याचा नखाएवढा तुकडा. भाचीला आधीच सांगून ठेवलंय की हा दीड-दोन वर्षांचा पाहुणा आहे. ससा नीट सांभाळला तर आठ-दहा वर्षं जातो, म्हणजे भाची कॉलेजात गेल्यावर गवत वाळवायला जिजाजीच.

बिल मागितलं तर कागदाच्या चिटोऱ्यावर "रशियन १ पीस" लिहून दिलं. २०१८ च्या पेट शॉप नियमांप्रमाणे दुकानाची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी पाहिजे, आणि दूध न तुटलेली पिल्लं विकायला बंदी आहे. नोंदणीचा कागद भिंतीवर कुठे दिसला नाही, विचारलं तर "फाइलमध्ये आहे", फाइल कुठे तर "सीएकडे". म्हटलं असेल. सात दिवसांची गॅरंटी मात्र तोंडी दिली, मेला तर बदलून देऊ.

जायचं असेल तर जा, पण पोरगा असेल तेव्हा जा, तो सकाळी ११ नंतर येतो. ड्वार्फ ससा त्यांच्याकडून घेऊ नका जोपर्यंत आई बघायला मिळत नाही. हॅमस्टर पाठीवरची रेघ बघून घ्या, किट घेऊ नका, गळका टँक शिल्लक आहे का ते विचारा. दुपारी २ ते ५ बंद, यूपीआय चालतं, पार्किंग अजिबात नाही, आणि उन्हात गाडी लावून जनावर डिक्कीत टाकून आणायचा विचार असेल तर कृपा करून संध्याकाळी जा.